कोरड्या जमिनीवर

कॉरिडॉरमधून पिपाण्यांचा आवाज आला तशी डॉरीन ओबर्लीने तोंडातली शिट्टी काढली. दुसरीची एकवीस पोरं व्यायामशाळेच्या दाराकडे पळाली.

"मिसेस ओबर्ली, फुगेवाले आले! आपल्याकडेच येतायत!"

"मागे व्हा बघू. कुणाचं तरी नाक अडकेल दारात," ती म्हणाली. पण तिचेही डोळे दाराच्या काचेवरच होते.

गावच्या शिक्षण प्रतिष्ठानची ही दर ऑक्टोबरची रीत. शाळेसाठी गावातून देणग्या गोळा करायच्या, शिक्षकांचे अर्ज मागवायचे आणि ज्याचा मंजूर होईल त्याच्या वर्गात न सांगता घुसायचं, हातात फुगे आणि दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक घेऊन. गेली नऊ वर्षं ते डॉरीनकडे येत होते. त्यातून बस ठरायची आणि दुसरीची पोरं हिवाळाभर शेजारच्या गावच्या बंदिस्त जलतरण तलावात पोहायला शिकायची.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या या गावाभोवती चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत, पाण्याने भरलेल्या. कुंपण घातलं की पोरं ते वाकवतात. दहा वर्षांपूर्वी त्यातल्याच एकीत टेसा विंकलर बुडाली. सात वर्षांची, डॉरीनच्याच वर्गातली, दोरीवरच्या उड्यांत सगळ्यांच्या पुढे. दफनाच्या दिवशी तिच्या आईने डॉरीनचा हात धरून एवढंच विचारलं, "तुम्ही तर खेळ शिकवता ना?" ते जिव्हारी लागलं ते कायमचं.

प्रतिष्ठानचा नियम असा की दरवेळी काहीतरी नवं हवं. म्हणून डॉरीन त्याच पोहण्याचं दरवर्षी नवं बारसं करायची. 'पाण्याचं विज्ञान'. 'आपली नदी, आपलं आरोग्य'. एकदा तर 'तरंगतं गणित'. पोरांनी पाण्यात मारलेल्या लाथा मोजल्या, झालं गणित. पण येत्या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि मागून येणाऱ्याच्या गळ्यात ही थापेबाजी बांधून जाणं तिच्या जिवावर आलं. यंदा तिने सरळ लिहिलं: मुलांना पोहायला शिकवायचं आहे. दरवर्षी तेच. टेसा विंकलर बुडाली म्हणून.

काचेवर एक पिवळा फुगा घासला गेला. पोरांनी श्वास रोखले. मग फुगा पुढे सरकला आणि थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या.

"चुकले वाटतं ते," हॅटी म्हणाली. तिच्या आजीने घेऊन दिलेली पोहायची टोपी सप्टेंबरपासून तिच्या दप्तरात होती.

टाळ्या थांबल्यावर प्रतिष्ठानची अध्यक्ष कार्ला डेनहॉफ एकटीच आत आली. तिची दोन्ही मुलं डॉरीनकडेच पोहायला शिकली होती.

"मिसेस ओबर्ली, मी भांडले हो. पण सगळे म्हणाले, यात नवीन काय? वरच्या मजल्यावरच्या वर्गात यंत्रमानव येतायत, ते दाखवता येतात लोकांना. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंत, दरवर्षी तेच."

"बुडणंही तेच असतं, कार्ला."

"नुसतं नाव बदलायचं होतंत! मी डोळे झाकून सही केली असती. नऊ वर्षं काय वेगळं करत होतो आम्ही?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं."

कार्ला गेली. डॉरीनला तिचा राग आला नाही, स्वतःचा आला. खोट्यावर नऊ वर्षं पोरं तरली, आणि तिला खरं बोलायची हौस आली ती नेमकी या एकवीस जणांच्या मुळावर.

"आपण तलावावर कधी जायचं?" हॅटीने विचारलं.

डॉरीनने शिट्टी वाजवली. "बूट काढा. सगळे पाठीवर झोपा. हनुवटी वर, कान पाण्यात, हात पसरून. घाबरलात तर हातपाय झाडायचे नाहीत. पोट वर आणायचं आणि हाक मारायची."

"पण पाणी कुठाय?"

"आहे असं समजा."

एकवीस पोरं लाकडी जमिनीवर आडवी झाली. हॅटीने आधी टोपी घातली. डॉरीन कुरकुरते गुडघे टेकून तिच्याजवळ बसली आणि पाण्यात धरायची तसा तिने मानेखाली तळवा दिला.

"आता हात काढतेय हं. भिऊ नकोस."

"नाही भीत." हॅटीने डोळे मिटले.

डॉरीनने हात काढून घेतला. टोपीतलं डोकं हलकेच जमिनीला टेकलं.

"तरंगले का मी?"

डॉरीन पुढच्या पोरापाशी सरकली आणि तिने त्याच्या मानेखाली हात घातला.