आडातलं कासव

देविदासने बादलीतली पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर काडीने ढवळली, चुना तळाला बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं आणि त्या बादलीला दोर बांधला. आता ती आडात सोडायची एवढंच राहिलं होतं. पण सुमनबाई आडाच्या कठड्यावर मांडी घालून बसल्या होत्या.

"आधी कासव काढा," त्या म्हणाल्या.

"काकू, अर्ध्या गावाच्या आडात टाकून आलो. कुठं कासवाची अडचण आली न्हाई."

"त्यांच्या आडात कासव न्हाई. आमच्या हाय."

देविदास ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. राहायला शेजारच्या तांड्यावर, आणि भादव्याच्या त्या आठवड्यात तांड्यावरचीच चार माणसं जुलाब-उलट्यांनी सलाईनवर पडली होती. त्यामुळे आज तो कुणाचं ऐकायच्या तयारीत नव्हता. मदतीला कुणीतरी असावं म्हणून त्याने ओसरीवर बसलेल्या तातेरावांकडे पाहिलं.

तातेराव सुपारी कातरत होते. बायकोचं बोलणं कानावर पडलं आणि सुपारी अडकित्त्यातून निसटून खाटेखाली गेली. ती शोधायला ते वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

कारण आडात कासव नव्हतं. ही गोष्ट त्या घरात एकट्या तातेरावांना माहीत होती, आणि एकतीस वर्षांपासून माहीत होती.

लग्न होऊन आल्या तेव्हा सुमनबाई या कोरड्या माळावर रमत नव्हत्या. त्यांचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाजवळ, लहानपण सगळं पाण्याच्या काठाला गेलेलं. तातेरावांनी मग एका मासे धरणाऱ्याकडून परातीएवढं कासव आणून आडात सोडलं. सुमनबाई त्या दिवशी सासरी पहिल्यांदा मोकळं हसल्या, आणि रोज सकाळी भाकरीचा एक तुकडा आडात पडू लागला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. सुमनबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी होत्या, इकडे आडाचा तळ उघडा पडला आणि कासव चिखलात तडफडू लागलं. तातेरावांनी ते ओल्या पोत्यात गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि धरणात नेऊन सोडलं. घरातलं कासव गेलं की लक्ष्मी गेली असं मानणाऱ्या बाळंतिणीला हे सांगायचं कसं, म्हणून तेव्हा ते गप्प बसले. पुढे ती लेकरू घेऊन आली आणि आल्या आल्या आडात भाकरीचा तुकडा टाकला. तेव्हा तर बोलायला तोंडच उरलं नाही.

तेव्हापासून तातेरावांनी आडात डोकावणं सोडलं. मुलगा विश्वंभर लहानपणी कासव दिसलं म्हणून सांगत यायचा, आता नात सृष्टीही सांगते. आजी-आईने म्हटलं की लेकरांना काहीही दिसतं, अशी स्वतःची समजूत घालून ते विषय बदलायचे.

"पावडरीनं कासवाला काय होतंय," खाटेखालून वर येत ते म्हणाले. "त्याची पाठ दगडाची असते."

"डोळे बी दगडाचे असतात का?"

"पाणी उपसायला मोटर लागंल. ती शेतात हाय."

"विश्वंभर घेऊन येऊन राहिला," सुमनबाई म्हणाल्या. "मी सकाळीच सांगितलं."

मोटर आली. तातेरावांची सगळी भिस्त आता लाईटवर होती. पण रोज अकराच्या ठोक्याला जाणारी लाईट त्या दिवशी जाईना. पाण्याचा लोट अंगणातून गल्लीत वाहू लागला तशा आळीतल्या बाया गोधड्या घेऊन धावल्या. घटस्थापना पंधरा दिवसांवर आली होती आणि घटाचं धुणं सगळ्यांच्याच घरी पडलं होतं. कुणी गोधडी पायाने तुडवतंय, कुणी शेजारणीच्या अंगावर पाणी उडवतंय, लेकरं लोटात लोळतायत. साथीच्या धास्तीतल्या गावात लग्नघराची कळा आली. देविदासही बादली बाजूला ठेवून हसत उभा राहिला. फक्त तातेराव पाणी गुडघाभर उरेपर्यंत ओसरीवर मनातच एकेक हात मोजत बसले होते.

दोर कमरेला बांधून विश्वंभर खाली उतरला. वरून त्याचं नुसतं डोकं दिसत होतं.

"गाळात हात घालून बघितलं," खालून आवाज आला. "न्हाई गावत, आई."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. चारचौघांत दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. तातेराव उठले, टोपी नीट केली आणि कठड्यापाशी आले.

"मी काय म्हणतो, विश्वंभरची माय..."

"थांबा जरा," सुमनबाई म्हणाल्या आणि आडात वाकल्या. "उगवतीच्या अंगाला बघ रं. खालून तिसरा दगड. त्याच्या कपारीत हात घाल."

खाली पाणी डुचमळलं. मग विश्वंभर मोठ्याने हसला.

"गावलं!"

टोपलं वर आलं. बाया ओल्या हातांनी गोळा झाल्या, सृष्टीने सगळ्यांच्या मधून मुंडकं घातलं. टोपल्यात शेवाळलेल्या पाठीचं, जेवायच्या ताटलीएवढं कासव चारही पाय आत घेऊन बसलं होतं.

"काकू," देविदास म्हणाला, "तीस वर्षांचं म्हणता आन् एवढुसंच?"

"गार पाण्यात वाढ होत न्हाई," सुमनबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

तातेराव कासवाकडे बघत राहिले. त्यांनी सोडलेलं कासव परातीएवढं होतं.

दुपारी गर्दी पांगली. आडात झऱ्यांचं नवं पाणी भरायला लागलं होतं. सुमनबाईंनी कासव घंगाळात ठेवलं आणि त्याच्या पाठीवर पाणी ओतत बसल्या. तातेराव तांब्या घेऊन शेजारी उकिडवे बसले.

"हे आपलं न्हाई," ते हळूच म्हणाले.

"आपलंच हाय. तुमी धरणात सोडलं ते न्हाई."

तातेरावांच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं.

"आमच्या संतरामनं बघितलं होतं तुमाला," त्या म्हणाल्या. संतराम त्यांचा धाकटा भाऊ. "पोतं सोडताना. पुढच्या पावसाळ्यात त्यानंच हे आणून दिलं. मुठीएवढं होतं. तुमी शेतात गेलते."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"म्हटलं, तुमीच बोलाल. आल्या आल्या मुद्दाम तुमच्यासमोर तुकडा टाकला. रिकाम्या आडात. तुमी आपले आभाळाकडं बघून राहिले."

तातेरावांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. एकतीस वर्षं जिला फसवलं म्हणून मन खात आलं होतं, ती मुळात फसलीच नव्हती. ते हसायला लागले. सुमनबाई मात्र हसल्या नाहीत.

"कासवाचा मला राग न्हाई. तुमी त्याचा जीव वाचवला. पण धरणापर्यंत आले. तिथून माझ्या बापाचं घर दिसतं. विश्वंभर नऊ दिवसांचा होता. आन् तुमी सायकल वळवली."

तातेरावांनी तांब्या पुन्हा भरला आणि कासवाच्या पाठीवर ओतला.

"तू पहिलं कासवाचंच इचारलं असतंस," शेवटी ते म्हणाले.

सुमनबाईंनी विचार केला. "इचारलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

सांजेला देविदास पुन्हा आला. नव्या पाण्याच्या हिशोबाने त्याने पुन्हा पावडर कालवली, बादली आडात सोडली आणि दोर खालीवर हलवत पाणी चांगलं घुसळलं. उग्र वास अंगणभर पसरला.

"तासभर पाणी काढू नका," तो म्हणाला. "आन् काकू, कासव आता परत सोडू नका. भाकरी बी न्हाई. न्हाई तर दर खेपंला मोटर लावावी लागंल."

तो गेल्यावर तातेरावांनी कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि घंगाळातल्या पाण्यात भिजवायला घातलं.

"उद्या धरणात नेऊन सोडतो," बायकोकडे बघत ते म्हणाले.

"सोडा," सुमनबाई म्हणाल्या. "पण या खेपंला सासुरवाडीत जेवल्याबिगर माघारी यायचं न्हाई. मी संगच येते."