अक्षतेआधी उठलेला मांडव

सिद्धरामाची आण घेऊन, चार माणसांत उभी राहून मोठ्यानं सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. ज्याला पटत न्हाय त्यानं दुधनीला जावं आन् गुरुबसप्पाला विचारावं, बाबा तुझा फेटा कुटं गेला म्हणून.

तर, होटगी रोडला शांतम्माच्या घरी दुपारची सगळी टीव्हीपुढं बसली हुती. थोरल्या नातीच्या, म्हंजी महेश्वरीच्या लग्नाची फिल्म आली हुती. लग्नाला वरीस होत आलं, पोरीला डोहाळे लागले, तवा कुटं फिल्म आली. धाकट्या चंद्रिकाचं लग्न ठरलं हुतं, आन् शांतम्माचा ल्योक ईश्वरप्पा परत त्याच इव्हेंटवाल्याला काम द्यायला निघाला हुता. त्यो करमाळ्याचा अजिनाथ सोफ्यावर बसून च्या पीत हुता. शांतम्मा त्याच्याकडं अशी बघत हुती की कपातला च्या परत उकळावा.

फिल्ममधी महेश्वरी धुरातनं चालत आली.

"ह्यो धूर कशाला?" शांतम्मा म्हणाली. "पोरगी मांडवात येतीया का वल्या लाकडाची चूल पेटवलीया?"

"अज्जी, ते ढग हायत की," महेश्वरी म्हणाली.

"मे महिन्यात सोलापुरात ढग. आन् ह्यो हत्ती?"

"थर्माकोलचा हाय, अज्जी," अजिनाथ म्हणाला. "लई उठून दिसला."

"दिसणारच की. त्याच्या बुडाआड मी बसली हुती."

हसायची सोय नव्हती. मग जेवणाचं आलं. पास्त्याला रांग, तव्यावर कुटायच्या आइस्क्रीमला रांग. आन् शांतम्मानं पहाटंपासनं घोटलेली हुग्गी, म्हंजी गव्हाची खीर, पार कोपऱ्यात, हात धुवायच्या बेसिनला चिकटून. वर पाटी, 'व्हीट डेझर्ट'.

"पाटी वाचून माणसं भ्याली," ती म्हणाली. "त्यांना वाटलं औषध हाय."

पण ह्ये सगळं तिनं गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते निराळंच.

आपल्याकडं माणूस लग्नाला येतं ते अक्षता टाकायला. अक्षता पडायच्या आधी कुणी ताटाला हात लावत न्हाय, आन् पडल्यावर कुणी खुर्चीत ऱ्हात न्हाय, ह्ये शेंबडं पोरगं बी सांगंल. अजिनाथनं काय करावं? नवरा-नवरी स्टेजवर चढल्याबरोबर दोन्हीकडनं कागदाच्या तोफा उडवल्या. पिवळेधमक कागदाचे तुकडे अख्ख्या हॉलवर पडले. डीजे दणाणला. मागच्यांना वाटलं, पडल्या अक्षता. ते उठले. ते उठले म्हणून मधले उठले, मधले उठले म्हणून पुढचे, आन् घटकाभरात सगळं गाव पास्त्याच्या रांगंत. शांतम्माचा भाऊ गुरुबसप्पा खुर्चीवर उभा ऱ्हाऊन वरडत हुता, "आरं बसा, अजून व्हायचंय." तवर फोटोचं ड्रोन खाली आलं, त्याच्या पंख्यात गुरुबसप्पाच्या फेट्याचा शेमला अडकला, आन् ड्रोनसंगं फेटा उलगडत खिडकीतनं गेला. सिद्धरामाच्या तळ्यावर घिरट्या घालून किल्ल्याच्या बुरुजाकडं गेला म्हणत्यात.

मग स्वामींनी मंगलाष्टकं म्हणली, खुर्च्यांपुढं. शांतम्मानं हळदीत रंगवलेल्या जोंधळ्याची परात मांडीवर घेतली आन् एकटीनं अक्षता टाकल्या. समद्या गावाच्या वाटणीच्या. हात भरून आला तरी थांबली न्हाय.

तीच येळ आता टीव्हीवर आली. आन् बघतीया तर काय, हॉल गच्च भरलेला. माणसं हसत हसत अक्षता टाकत्यात.

"थांबव," शांतम्मा म्हणाली. "ह्यो मिशीवाला कोण?"

ईश्वरप्पानं मान पुढं काढली. "नवऱ्याकडचा असंल."

"आमच्यातला न्हाय," महेश्वरी म्हणाली.

"आन् ही हिरव्या शालूतली?"

अजिनाथनं कप खाली ठेवला. "अज्जी, ते एडिटिंग हाय. खुर्च्या मोकळ्या दिसत हुत्या. बरं दिसंना. म्हणून बार्शीच्या एका लग्नातली माणसं घातली."

"म्हंजी माझ्या नातीवर बार्शीकरांनी अक्षता टाकल्या. त्या बी दुसऱ्याच्या पोरीवर टाकलेल्या."

"तसं न्हाय, अज्जी."

"मग कसं? आन् मी कुटं हाय ह्यात?"

अजिनाथ ईश्वरप्पाकडं बघाय लागला, ईश्वरप्पा पंख्याकडं.

"तुमी एकट्याच दिसत हुता," अजिनाथ म्हणाला. "म्हणून कापलं."

शांतम्मा उठली. पदर खवसला. "चंद्रिकाच्या लग्नाला बी बार्शीचीच माणसं आण. मी काय येत न्हाय." आन् आत जाऊन शेंगा फोडत बसली, अशा की जणू एकेक शेंग अजिनाथच हाय.

"अव्वा, असं काय करती," ईश्वरप्पा दारातनं म्हणाला.

"तू गप. मोकळ्या खुर्च्यांपुढं लग्न लावणारा बाप."

चंद्रिका अजिनाथला म्हणाली, "धूर करा, हत्ती करा, काय बी करा. तोफा न्हाईत. हुग्गी पयल्या टेबलावर, पाटीबिगर. आन् जेवणाच्या हॉलला कुलूप. किल्ली अज्जीकडं."

"पाव्हणे काय म्हणतील?" ईश्वरप्पा म्हणाला.

"उपाशी माणूस अक्षतेला थांबतंय, अप्पा."

आतलं शेंगा फोडायचं थांबलं.

लग्नात तसंच झालं. शांतम्मानं हॉलला कुलूप घातलं आन् किल्ली कनवटीला लावली. दाराच्या फटीतनं हुग्गीचा वास सुटला हुता. एक जण बी उठला न्हाय. पाव्हण्यांनी पोटातला सगळा राग अक्षतेवर काढला. शेवटच्या मंगलाष्टकाला तर जोंधळा असा बरसला की स्वामींनी पोथी डोक्यावर धरली. चंद्रिकाच्या अंबाड्यातनं अजून दाणं निघत्यात. तरी शांतम्मा जाताना अजिनाथला म्हणालीच, "हत्ती परत माझ्याच म्होरं ठेवलास की रं."

आता एवढं ऐकलंच हाय तर सांगून टाकते. कुलूप मी गोष्टीत पदरचं घातलेलं हाय. त्या दाराला धड कडी बी नव्हती. शांतम्मा दारात खुर्ची टाकून बसली हुती, मांडीवर अक्षतेची परात घेऊन, आन् तिला वलांडून आत जायची कुणाची छाती झाली न्हाय.

फेट्याचं मात्र खरं हाय.