पत्र्याची खालची बाजू

शेखरचा त्यात एक दिवस वाचणार होता आणि मल्हारला शनिवारचा बकऱ्यांचा बाजार गाठता येणार होता. एवढाच काय तो दोघांचा लाभ.

शेखरने भूगावच्या आपल्या गॅरेजात मल्हारच्या जुन्या पिकअपच्या हौद्याच्या तळाला नवा पत्रा वेल्ड केला होता. आता जोड घासून दोन्ही बाजूंनी गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारायचा, तो वाळला की मग रंग. त्याने वरून मारला. खालून मारायचा तर गाडी उचलावी लागली असती, आणखी एक दिवस गेला असता; ते त्याने सोडून दिलं.

मल्हारची आई तानूबाई वाकून बघत म्हणाली, "आरं, खालनं जोड उघडाच हाय की!"

"मावशे, खाली कोन बघतंय?"

"बकऱ्या मुतत्यात रं. जोडातनं खाली झिरपतंय, पत्रा खातंय."

"मग डायपर घाल त्यान्ला!"

मल्हारही हसला आणि गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या वर्षीही वरचा निळा रंग चकचकीत होता. पौडच्या चढावर तो जोड फाटला. बकऱ्या धरून हौद्यात उभ्या असलेल्या तानूबाईचा पाय भोकातून थेट चाकात गेला.

शेखर अजून गाड्या रंगवतो. मल्हारला खरचटलंही नाही. पाय गुडघ्यापासून कापला तो तानूबाईचा, आणि दवाखान्यासाठी विकल्या त्या बकऱ्याही तिच्याच.