ऑर्विल सॅटरफील्डची साथ

ऑर्विल मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतातून शिकागोला आला आणि कत्तलखान्यात कामाला लागला. शनिवार-रविवार तो हॉलिस टार्व्हरच्या मागे गिटार वाजवायचा. मी त्याच बँडमध्ये ड्रमवर होतो. हॉलिस ब्लूज गायला लागला की बारमध्ये भांडणारी माणसंही गप्प व्हायची. ऑर्विल दोन ओळींमधल्या जागेत मोजके सूर टाकायचा आणि मागे सरायचा. गाणाऱ्याला तोलून धरावं कसं, हे शिकायला शिकागोच्या साउथ साइड भागातले वादक त्याच्यासमोर येऊन बसत.

एकदा एक रेकॉर्डवाला त्याला म्हणाला, "तुझ्या नावानं काढू की एक."

"आणि गाणार कोण?" ऑर्विल म्हणाला. "मला बोलतानाच धाप लागते."

त्याची बायको लोरेटा आठवडाभर फणफणत होती. "जन्मभर त्या हॉलिसची पाठच बघत बस!"

"पाठीवरूनच कळतं गं, तो श्वास कधी घेणार ते," तो म्हणाला.

सत्तरीला टेकल्यावर हॉलिस शब्द विसरायला लागला. ओळ अडली की ऑर्विल पुढच्या ओळीची चाल हळूच वाजवायचा, आणि हॉलिस ती पकडून पुढे जायचा. लोकांना वाटायचं, गाण्याची ही नवी तऱ्हाच आहे. आमचा बास गिटार वाजवणारा कुरकुरला, "म्हातारा कामातून गेलाय. ऑर्विल, आता तूच पुढे हो."

"पुढे काय ठेवलंय?" एवढंच बोलून ऑर्विल तारा जुळवत बसला.

मग एका रविवारी दुपारी चाल वाजवूनही उपयोग होईना. हॉलिस माइकसमोर तोंड उघडून नुसता उभा. समोरच्या टेबलापाशी बसलेली एक बाई रडायला लागली. तेव्हा ऑर्विल पुढे आला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गायला. आवाज चिरका होता, पण शब्द बरोबर होते.

हॉलिस गर्रकन वळला. "माझं गाणं गातोस होय रे, चोरा? चालता हो इथनं!"

माइक चालू होता; सगळ्यांनी ऐकलं. ऑर्विलनं गिटार पेटीत ठेवली आणि तो निघून गेला. हॉलिस त्यानंतर पुन्हा कधी माइकसमोर उभा राहिला नाही.

त्याच आठवड्यात मी हॉलिसच्या घरी गेलो, तर ऑर्विल स्वयंपाकघरात बसलेला. हॉलिसची बायको अर्लीन मक्याचा पाव कापत होती.

"हा कोण?" हॉलिसनं तिला विचारलं.

"गिटारवाला आहे मी," ऑर्विलच म्हणाला.

"मग बसलास काय? वाजव."

त्यानंतर ऑर्विल रोज दुपारी तिथे जायचा. पुढे हॉलिसचं बोलणंच बंद झालं, पण गिटार ऐकली की तो घशातल्या घशात गुणगुणायचा. ऑर्विल ओळीएवढी जागा सोडायचा, गुणगुणणं संपेपर्यंत थांबायचा, मग उत्तर द्यायचा. हॉलिस जाईपर्यंत हे चाललं. नंतर ऑर्विलनं बऱ्याच जणांना साथ केली. गायला मात्र तो परत कधीच नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांदेखत चोर म्हणाला, तेव्हा काय वाटलं रे?"

ऑर्विलनं एक तार जुळवून पाहिली. मग म्हणाला, "लई दिवसांनी त्याचा आवाज भरून लागला होता."