घरची सही

"सही जुळत नाहीये," स्वप्ना मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण मी जुळतोय ना?" महेंद्र गमरे काउंटरच्या काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाला. "हा फोटो माझा, हा पासपोर्ट माझा, आणि हा समोर उभा आहे तो मी."

"तुमच्याबद्दल शंकाच नाही हो. शंका सहीबद्दल आहे."

कोपरीतल्या त्या बँकेत महेंद्रचा हा सलग तिसरा दिवस होता. एकोणीस वर्षं तो मस्कतच्या एका हॉटेलात लाँड्री सांभाळत होता. चादरीवरचा डाग पाहून पाहुण्याने काय खाल्लं आणि कुठे पुसलं, हे तो बसल्या जागी सांगत असे. पण स्वतःच्याच खात्यापुढे त्याने हात टेकले होते.

भानगड सुरू झाली ती मोबाईल नंबरवरून. खात्याला नंबर होता त्याच्या बायकोचा, दर्शनाचा. दर्शना सव्वा वर्षापूर्वी गेली. महेंद्र नऊ दिवसांच्या रजेवर आला, विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तो परत गेला. मधल्या काळात तो नंबर बंद पडला आणि कंपनीने कुणा दुसऱ्यालाच देऊन टाकला. आता बँकेचा ओटीपी खडवलीच्या रघु नावाच्या कोंबडीवाल्याकडे जायचा. महेंद्रने मस्कतहून त्याला फोनही लावून पाहिला.

"भाऊ, आत्ता तुम्हाला सहा आकडे आले असतील. तेवढे सांगता का?"

"मना येडा समजलास काय? ओटीपी कोनाला सांगाचा नाय, रोज टीवीवर सांगतान!" आणि फोन कट.

रघुचं चुकलं असं महेंद्रला म्हणवेना. उलट आपला ओटीपी इतक्या खमक्या माणसाच्या ताब्यात आहे म्हणून त्याला थोडं बरंच वाटलं.

नंबर बदलायचा तर अर्ज हवा, अर्जावर सही हवी, आणि सही काही जुळत नव्हती. मस्कतहून कुरियरने पाठवलेले दोन अर्ज परत आले. तिसऱ्या वेळी त्याने रजा टाकली, दूतावासात रांग लावली आणि सहीवर शिक्काच मारून आणला. त्यावर बँकेने नम्रपणे कळवलं की, सही श्री. गमरे यांनीच केली आहे हे मान्य, परंतु ती श्री. गमरे यांच्या सहीसारखी नाही.

आज बुधवार होता. शुक्रवारी पायलच्या प्रवेशाची शेवटची तारीख होती. त्याच्या एकुलत्या एक मुलीला कल्याणच्या कॉलेजात फिजिओथेरपीला जागा मिळाली होती आणि तिची फी नेमकी याच खात्यात अडकून पडली होती. शनिवारी पहाटे महेंद्रचं विमान होतं. पुढची रजा दोन वर्षांनी, आणि कॉलेज काही दोन वर्षं थांबणार नव्हतं.

"मॅडम, तुमच्याकडे जी सही आहे, ती एकदा दाखवा ना."

"दाखवता येत नाही. दाखवली तर कोणीही तशी करेल."

"कोणीही कशाला? मीच करणार आहे!"

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. बाई नियमाच्या पक्क्या होत्या, पण दगड नव्हत्या. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "एवढंच सांगते. मराठीत आहे."

महेंद्र चक्रावला. मराठीत सही? जन्मात आपण मराठीत सही केल्याचं त्याला आठवत नव्हतं. पासपोर्टवर इंग्रजीत होती. आणि कामावर तर रोज दोनशे कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर सही करून करून तिची हॉटेलातल्या साबणाच्या वडीसारखी गत झाली होती. झिजून झिजून एक एम आणि पुढे एक शेपूट, एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी पायल घरी आली, तर बाप खोलीभर कागद पसरून बसलेला.

"हे काय चाललंय, पप्पा?"

"माझी सही आठवतोय. मराठीत आहे म्हणे."

पायल आधी गोंधळली, मग एकदम कपाळाला हात लावून हसत सुटली. "अहो पप्पा, तुम्ही पण ना! ती तुमची सही नाहीये. ती मम्मीने केलेली तुमची सही आहे!"

तिने कपाटातून एक पिशवी काढली आणि पहिली ते दहावीची प्रगतीपुस्तकं त्याच्यासमोर ओतली. प्रत्येक सत्राला, 'पालकांची सही' या चौकटीत, एकाच वळणाची सही होती. महेंद्र गमरे. ठसठशीत अक्षरं, ताठ मान केलेला म, सहीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. एखाद्या कलेक्टरने करावी अशी सही.

"शाळेत वडलांची सही मागायचे," पायल म्हणाली. "मम्मी म्हणायची, पप्पा लांब असले म्हणून काय झालं, पुस्तकावर तर पाहिजेत ना. आणि बँकेचं तुम्हाला माहीतच नाही? तुम्ही विमानात बसलात आणि बँकेचा फॉर्म राहिला टीव्हीच्या कपड्याखाली. तुमच्या कंपनीला आठ दिवसांत अकाउंट नंबर पाहिजे होता. मग काय, मम्मीनेच सह्या ठोकल्या. नंतर चेकवर पण तीच करायची."

महेंद्रला आठवलं. जाण्याच्या दिवशी एजंटकडे त्याने इतक्या कागदांवर सह्या केल्या होत्या की बँकेचाही कागद त्यातच गेला असेल असं तो समजून चालला होता. आठवड्याने फोनवर दर्शना म्हणाली होती, "खात्याचं काम झालं हो, तुम्ही काळजी करू नका." आणि त्याने खरोखरच एकोणीस वर्षं काळजी केली नव्हती.

मग शिकवणी सुरू झाली. मास्तरीण पायल.

"रेघ थरथरतेय, पप्पा. मम्मी एका दमात मारायची."

"अगं, मी काय मुद्दाम थरथरवतोय?"

"आणि टिंबं देताना दाबायचं नाही. नापास. परत काढा."

अकरा कागद नापास झाले. बाराव्याला मास्तरीण चहा करायला उठली, तेव्हा महेंद्रने सहज आठवीचं पुस्तक चाळलं. एका पानावर आईचीही सही मागितली होती. दर्शना म. गमरे. चौकटीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. खाली रेघ नाही, टिंब नाही.

तो बराच वेळ त्या दोन सह्यांकडे पाहत राहिला. इतकी वर्षं त्याने घरी पैसे पाठवले, खजूर पाठवले, अत्तराच्या बाटल्या पाठवल्या. मस्कतमध्ये तो सकाळपासून लोकांच्या मळक्या चादरी मोजणारा माणूस होता. आणि इथे, दहा बाय बाराच्या खोलीत बसून, ही बाई त्याच्या नावाखाली दरवेळी एवढी मोठी रेघ ओढत होती. त्याला फार वाईट वाटलं. एवढी रेघ कशासाठी, हे तिला एकदा तरी विचारायला हवं होतं, असं वाटलं. मग त्याने बारावा कागद पुढे ओढला आणि सही केली.

"पप्पा, चहा," पायल म्हणाली, आणि कागद पाहून थबकली. "ही जमली. अगदी मम्मीसारखी."

गुरुवारी महेंद्रने काउंटरवर अर्जात पायलचा नंबर लिहिला आणि खाली श्वास रोखून सही केली. स्वप्ना मॅडमनी एकदा कागद पाहिला, एकदा पडदा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"जुळली!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की दारातला वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी पायलच्या मोबाईलवर ओटीपी आला. महेंद्र डोकावायला लागला तशी तिने पडद्यावर हात ठेवला. "कोणाला सांगायचा नाही, पप्पा." दहा वाजता फी गेली, सव्वादहाला पावती आली आणि खडवलीचा रघु कायमचा मोकळा झाला.

दुपारी दोघं पुन्हा बँकेत गेले, कारण एक अर्ज बाकी होता. मॅडमनीच सुचवला होता. नवीन सही नोंदवायचा.

"तुमची रोजची, सोपी सही करा इथे. म्हणजे परदेशातून पुन्हा हा ताप नको," त्या म्हणाल्या.

महेंद्रने पेन घेतलं. म काढला, मान ताठ ठेवून. पूर्ण नाव लिहिलं. हात न उचलता, एका दमात, खाली रेघ ओढली. मग हलक्या हाताने दोन टिंबं दिली.

"अहो गमरे, ही तर जुनीच झाली!" मॅडम म्हणाल्या. "तुमची रोजची वेगळी आहे ना?"

"ती कामावरची, मॅडम. ही घरची."

पायल काचेवरच्या व्याजदरांच्या पाटीकडे एकटक पाहत होती. रेघेची शाई अजून ओली होती. ती वाळेपर्यंत महेंद्रने कागद हातातून सोडला नाही, मग काचेखालून हळूच आत सरकवला.