दिवेलागणीची बोहनी

माझी सून लिगाया फिलिपीन्सची. आमचं हे सौंसर गाव तिच्यासाठी परदेश आहे, हे आम्ही घरातले लोक विसरून जातो. माझा मुलगा गजेंद्र दुबईला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता आणि ती तिथेच चादरी धुण्याच्या कामावर. लग्न तिकडेच झालं, माझी नात चंचल तिकडेच जन्मली. मग हॉटेल बंद पडलं आणि तिघंही बॅगा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. गजेंद्रला बोरगावच्या एका कारखान्यात काम लागलं, पण तिकडच्या पगारात आणि इकडच्या पगारात फार अंतर. चार तोंडं कशी भरायची, हे लिगायाने आपल्या अंगावर घेतलं.

ती आधी बाजार शिकली आणि मराठी नंतर. मी जन्मभर सकाळी बाजाराला जाणारी. नवी सून होते तेव्हा बैलगाडीतून उतरणारा माल अंगावर दव असताना निवडून घ्यायचे, आणि उरलेला माल घेणाऱ्या बायांकडे जरा नाक मुरडूनच बघायचे. लिगाया मुद्दाम उतरत्या बाजाराला जायची, विकणाऱ्या बाया पोती झटकायला लागल्या की. फुलकोबीचे दांडे, मुळ्याचा पाला, कोणाच्या मळ्यातली गळालेली संत्री, सगळं पिशवीत यायचं. दांडे लसणात परतून ती असे काही करायची की गजेंद्र बोटं चाटायचा. शेजारच्या गुलाबबाईच्या परसात शेवग्याचा पाला गळून कुजत होता. तो पाहिला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या गावी बाळंतिणीला तोच पाला देतात म्हणे.

गुलाबबाई कुंपणावरून म्हणाली, "काय वं लिगा, बकरीसाठी पाला नेऊन राहिली का?"

"हो. बकरी कारखान्यात गेला. संध्याकाळी येते."

गुलाबबाई आठवडाभर हे ज्याला त्याला सांगत सुटली.

पौषातली गोष्ट. आभाळ कोरडं ठणठणीत, सकाळी शेकोट्या. लिगाया बाजारातून आली आणि तिने पिशवी ताटात उपडी केली. मेथी, गाजरं, आणि त्यांच्याखालून काटवलं निघाली. हिरवीगार, अंगावर मऊ काटे, देठाशी ओला चिखल. काटवल आमच्याकडे रानात वेलावर येतं, पावसाळ्यात, आणि पोळा झाला की संपतं. पौषात काटवल मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक हातात घेतलं तर त्याच्यावरून पाण्याचा थेंब माझ्या मनगटावर ओघळला.

"हे कोणी दिलं तुला?"

"निंबाखाली एक बाई बसते, शेवटी. ती म्हणाली, सकाळपासून बोहनी नाही झाली. मला वाईट वाटलं, आई. आमच्याकडे पण आहे असं. पहिला गिऱ्हाईक म्हणजे चांगला हात. त्याला परत नाही पाठवत. खूप स्वस्त दिलं तिने."

"तेव्हा दिवे लागले होते का?"

"हो. लागले होते."

मी हातातलं काटवल ताटात परत ठेवलं. आमच्या बाजारात एक रीत आहे. दिवेलागणीपर्यंत ज्या बाईची बोहनी होत नाही, ती आपलं गाठोडं बांधते आणि उठते. दिवा लागल्यावर बोहनी मागायची नाही आणि कोणी मागितली तर करायची नाही, सरळ पुढे चालायचं. इथलं शेंबडं पोरसुद्धा तिथे थांबलं नसतं. लिगायाला अर्धी रीत तिच्या गावची ठाऊक होती, आणि त्या अर्ध्या रीतीच्या भरवशावर ती थांबली.

गजेंद्र हसला. "आई, आता काहीही बारा महिने मिळते. कोल्ड स्टोरेज असते."

भाजी झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. चंचल चार वर्षांची, तिला कडूसर काहीच चालत नाही. तिने ताट पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं.

पुढच्या बाजाराला लिगायाने वाळकं आणली, चवळीच्या कोवळ्या शेंगा आणल्या. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा काटवलं. सगळा पोळ्याच्या दिवसांतला माल, आणि दर वेळी ओला. ताटाखाली पाणी साचायचं. चंचलने बाकीचं सगळं खायचं सोडलं. वरणभात पुढे ठेवला की तोंड मिटायची. दिवसभर पायरीवर बसायची, बाजाराकडे तोंड करून. एकदा जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर केस ओले लागले, भुरभुर पावसात उभं राहिल्यावर लागतात तसे. मी पदराने पुसले. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा ओले.

मी लिगायाला विचारलं, "ती बाई दिसते कशी?"

"तोंड नीट नाही दिसत. डोक्यावर पोत्याची टोपी." तिने हातांनी करून दाखवली. पावसात बाया बारदानाची खोळ घेतात, ती. "हातावर विंचू आहे, हिरवा. गोंदलेला. चांगली आहे बाई. ती म्हणते, तुहा हात बरा आहे, पण लेकराचा हात अजून बरा. पुढच्या बाजाराले लेकराले घेऊन ये, बोहनी तिच्या हातची."

हे तिने त्या बाईच्याच बोलीत, तिच्याच सुरात सांगितलं. तो सूर माझ्या ओळखीचा होता.

त्या बाईचं नाव जयवंता. माझ्याच वयाची. मी लग्न होऊन सौंसरला आले त्या वर्षी ती निंबाखाली बसायची, आणि भाजीपेक्षा जास्त गप्पा विकायची. मी शहरातली म्हणून मला चिडवायची, "सुनंदाबाई, वांग्याले उलटं धरलं तुम्ही!" भाजी बांधून झाली की वरून सांबाराची एक काडी, म्हणजे कोथिंबिरीची, माझ्या केसांत खोचायची. हातावर विंचू होता. एका वर्षी बाजार नेमका गोटमारीच्या दिवशी आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला नदीच्या दोन काठांवरून दगडांचा खेळ होतो. तो पाहायला अख्खं सौंसर तिकडे गेलं, आम्हीही गेलो. जयवंताची पोरं लहान होती, बाजार बुडवून भागणार नव्हतं, म्हणून ती टोपली घेऊन आली आणि झिमझिम पावसात दिवसभर बसून राहिली. एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. आम्ही परतलो तेव्हा दिवे लागले होते आणि लोक निंबाखाली गोळा झाले होते. ती खोडाला टेकून बसलेली, पुढे टोपली जशीच्या तशी भरलेली. वैद्य म्हणाले, छातीत कळ आली असेल.

लिगायाने हे सगळं ऐकून घेतलं. हसली नाही की वाद घातला नाही. "आमच्याकडे पण असतात," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या बाजाराला गेली नाही.

त्याने उलटंच झालं. चंचलने घोटभर पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, छाती साफ आहे म्हणाले. गुलाबबाई म्हणाली, "जामसांवलीले न्या बाप्पा, उगी बसू नका." जामसांवलीला जाऊन मारुतीरायाच्या पायाशी पोरीला ठेवून आलो. आमच्या जिवाला तेवढा धीर आला. पोर मात्र घरी येऊन पुन्हा पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजी, तिच्यापाशी अजून कोणी नाही आलं."

मी स्वयंपाकघरात बसून विचार करत राहिले. भुताखेताचं मला काही कळत नाही, पण बाजार कळतो. दिवे लागल्यावरही जी बसून राहते, ती माल उरला असेल तोवर उठत नाही. तिला उठवायचं तर सगळा माल उक्ता घ्यावा लागतो, एकदम, टोपलीचा तळ दिसेपर्यंत.

लिगायाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण येते. तुम्ही एकट्या उचलाल का?"

चंचलला गुलाबबाईपाशी ठेवून आम्ही निघालो. वाटेत लिगायाने आठवड्याची भाजी घेतली. ते दिवस ओढाताणीचे होते, गजेंद्रच्या बिनपगारी सुट्ट्या झाल्या होत्या, तरी तिने पिशवी गच्च भरली. मेथी, गाजरं, पेरू, संत्री. बाजार उठत आला होता. एकेका दुकानाचा दिवा लागला तशी निंबाखालची जागा मला दिसली. सगळीकडे धूळ, आणि तेवढीच जमीन भिजून काळी पडलेली.

जयवंता बसली होती. खोळीतून हनुवटी दिसत होती. पंचवीस वर्षांच्या बाईची हनुवटी. मी म्हातारी झाले, ती झाली नाही.

"या माय," ती मला म्हणाली. तिने मला ओळखलं नाही. "बोहनी करता का? सकाळपासून बसून राहिली मी."

"करते. सगळं उक्तं दे."

"बोहनीच्या आधी उक्तं देत असते का कोणी?" ती हसली. तेच हसू. "तुमाले बाजार समजत नाही, माय."

"बोहनीच समज. माझ्या हातची."

"म्हाताऱ्या हाताची बोहनी मी नाही घेत. लेकरू येऊन राहिलं माह्यं."

मी वळून पाहिलं. गुलाबबाई चंचलला कडेवर घेऊन धापा टाकत येत होती. "रडून रडून जीव द्यायची पाळी आणली न वं हिने! काहून घरी ठेवली? आणि इथं कोपऱ्यात काय करून राहिल्या तुम्ही, झाडाशी बोलून राहिल्या का?" तिला निंबाचं खोड दिसत होतं आणि दुसरं काहीच नाही. चंचल कडेवरून घसरली आणि सरळ टोपलीकडे निघाली, ओळखीच्या घरात शिरावं तशी.

लिगायाने तिला वाटेतच उचललं आणि पोटाशी घट्ट धरलं. मी टोपलीसमोर बसले, पदर पसरला आणि विचारलंच नाही. दोन्ही हातांनी काढत गेले. काटवलं, वाळकं, शेंगा. थंडगार, जड. जयवंता नुसती बघत होती. बाजारात उक्त्या मालावर गिऱ्हाइकाचा हात पडला की विकणारी आपला हात मागे घेते. तिनेही घेतला. पदर भरला तेव्हा गुलाबबाईला म्हटलं, तुझी पिशवी दे. तिने दिली. तिचे डोळे आता विस्फारले होते, कारण मोकळ्या जमिनीवरून भाजी वर येताना तिला दिसत होती.

तळ दिसला. मी जवळ होते ते पैसे त्या ओल्या हातावर ठेवले. तिने ते कपाळाला लावले आणि टोपली उचलली. उचलून तशीच थांबली.

"रिकामी टोपली घेऊन गावात कशी शिरू, माय? माह्ये लेकरं वाट पाहून राहिले." आणि तिने लिगायाच्या पोटाशी असलेल्या चंचलकडे पाहिलं. "काहीतरी घाला न यात."

चंचलने हात पुढे केले. माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. पदरात होतं ते तिचंच, ते परत घातलं तर व्यवहार मोडला असता.

लिगायाने एका हाताने पोरीला धरलं आणि दुसऱ्या हाताने आपली पिशवी टोपलीत उपडी केली. सगळी. आठवड्याचं जेवण. मेथी, गाजरं, पेरू, शेवटी संत्री गडगडली. "तुमच्या मुलांना," ती म्हणाली. "विकायचं नाही. खायचं."

जयवंताने एक संत्रं उचलून नाकाशी धरलं. मग चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि उठली. आमच्या अगदी जवळून गेली. मला वाटलं आता तरी काही म्हणेल, सुनंदाबाई म्हणेल. ती शेवटच्या दुकानाच्या दिव्यापर्यंत दिसली. पुढे अंधार होता.

गुलाबबाई आमच्यासोबत घरापर्यंत आली. ओट्यावर आल्यावर म्हणाली, "माह्याकडची डाळ घेऊन जा, आठ दिवसाची," आणि दार लावून घेतलं. चंचलने त्या रात्री वरणभात मागून खाल्ला. केस कोरडे होते. लिगाया तिच्या ताटाजवळ बसून रडली, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत.

माल मात्र घरात होता. लिगाया म्हणाली, फेकून देऊ. मी नको म्हटलं. बोहनीचा माल फेकत नाहीत, आणि कोणाला वाटावा असाही हा नव्हता. ज्याच्या हातची बोहनी त्याने खायचा. मी माझी वेगळी चूल मांडली. गजेंद्र वैतागला, "आई, हे काय नवीन?" लिगायाने त्याला गप्प केलं.

आता फाल्गुन लागला आहे. काटवलं अजून ताजी आहेत, ताटाखाली अजून पाणी साचतं. चव फार चांगली लागते, त्या वर्षांतली. खाताना मला कधी बैलगाड्यांचा आवाज ऐकू येतो. दुसरं काही जेवावंसं वाटत नाही. दुपारी मी पायरीवर जाऊन बसते. तिथून बाजाराचा रस्ता बरा दिसतो.

आज चंचल येऊन बिलगली. "आजी, तुझ्या ताटातला एक घास दे ना. एकच."

"नाही बाई," मी म्हटलं आणि ताट मांडीआड घेतलं. "तुझं ताट आईपाशी आहे. जा तिकडे."