खुंटीखुंटीला मेंढी

महाराष्ट्र झाल्याचं दुसरं साल. देऊळघाटच्या आमच्या शेतातली जवारी निघाली आन् माह्या धन्यानं खतासाठी जनकाबाई धनगरणीचा कळप शेतात बसवला. चाळीस मेंढ्या, पण बसल्या कुठी? साऱ्या एका कोपऱ्यात, एकमेकीत डोकं खुपसून! दोन एकर रान मोकळं आन् लेंड्या तेवढ्या कोपऱ्यात. धनी बिघडले.

"आज तीस-तीस हातांवर खुंटी ठोकतो आन् एकेक मेंढी बांधतो. साऱ्या शेतात खत पडलं पाह्यजे."

जनकाबाईनं हात जोडले. "दादा, पुसाची थंडी हाय. चिकटून बसल्या त एकीची ऊब दुसरीले पुरते. वेगळ्या केल्या त खाल्लेलं सारं कुडकुडण्यातच जाईन. कालच एक व्याली, कोकरू कवळं हाय. रोज जागा बदलू ना!"

"पटत नसन त दुसरं रान पाहा."

दिवस बुडत आलेला, ती बिचारी कुठी जाईन? मी लय भांडली, पण पालथ्या घड्यावर पाणी. "तुले काय समजते शेतीतलं?" म्हणे.

सकाळी शेतात गेलो त, मायबाई! खुंटीखुंटीला मेंढी थरथर कापून राह्यली होती. राती टाकलेला कडबा सारा फस्त, तरी पोटं खपाटीले गेलेली. आन् जनकाबाईच्या मांडीवर ते कोकरू, मान टाकून.

धन्याचं तोंड उतरलं. भराभरा दावी सोडली, मेंढ्या एका जागी केल्या, कोकरू सदऱ्यात घेतलं आन् कळपाच्या मधात जाऊन बसले. मेंढ्यांनी चहूकडून असं दाबलं का नुसता फेटा दिसे.

"हालते का जी?" जनकाबाई विचारे.

"थांब."

आम्ही दोघी जीव मुठीत धरून उभ्या. दिवस हातभर वर आला आन् फेट्याखालून आवाज आला, "बेंऽऽ!"

जनकाबाई रडता रडता हसली. "दादा, त्याले मायजवळ सोडा आन् निघा आता."

"काऊन निघू? भट्टी हाय इथं! झुंबर, च्या इथंच आण," ते मले म्हणाले.

मी लोटा घेऊन मधात शिरली. मेंढ्यांनी मलेही रेटत रेटत धन्याच्या खांद्याले नेऊन टेकवलं. लग्नाले बारा वर्सं झाली, पण लोकांदेखत त्यांच्याजवळ मी कधी बसली नव्हती.

"मलेच समजत नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"हाव, ते साऱ्या गावाले ठावं हाय," म्या म्हटलं, आन् तसूभर सरकली नाही.